हृदयविकाराचा झटका : अँजिओप्लास्टी किती तासांत हवी आणि दिल्ली परिसरात आयुष्मान कार्डावर ती कशी मिळते

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचार समाविष्ट आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि स्टेंट हे सर्व त्यात येते. दिल्लीत ही योजना एप्रिल २०२५ मध्ये लागू झाली. शेजारच्या गुरुग्राम-फरिदाबादमध्ये आणि नोएडा-गाझियाबादमध्ये ती त्याआधीपासून आहे. झटका आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना अशा वेळी दोन प्रश्न पडतात. कार्ड घरी राहिले आहे, ते येईपर्यंत उपचार थांबतील का? आणि डॉक्टर स्टेंट आजच टाका म्हणतात, तो खरोखर आजच टाकायला हवा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तुम्ही ठामपणे सांगू शकता. दुसऱ्याचे उत्तर झटका कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. काही रुग्णांसाठी एकेक मिनिट मोलाचे असते, काहींसाठी एक दिवस थांबणे सुरक्षित असते, आणि काहींना स्टेंटची गरजच नसते.

झटक्याची शंका आली तर

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही नेहमीची लक्षणे. स्त्रिया, मधुमेही आणि वयस्कर माणसे यांच्यात छातीत फारसे न दुखता नुसती धाप किंवा अतिशय थकवा एवढेच दिसू शकते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. दहा-पंधरा मिनिटांत त्रास थांबला नाही तर तो अंगावर काढू नका.

दिल्लीत कॅट्स रुग्णवाहिकेसाठी १०२, किंवा देशभर चालणारा ११२ हा क्रमांक फिरवा. उत्तर प्रदेशाच्या हद्दीत १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते घड्याळ बघून लिहून ठेवा. ‘सकाळपासून’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण पुढचे जवळपास सगळे निर्णय त्या वेळेपासून मोजले जातात.

भारतात उशीर कुठे होतो याचे एक जुने पण अजून उपयोगी चित्र ‘क्रिएट’ नावाच्या अभ्यासात आहे. तो २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात देशातील ५० शहरांतल्या ८९ केंद्रांवरील २० हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंतचा मधला आकडा मात्र ५० मिनिटांचा होता. म्हणजे बराचसा वेळ दाराबाहेरच गेला होता. याच अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के आणि श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. हृदयविकारासाठी सरकारी योजना कशाला हवी, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पहिली तपासणी ईसीजी

रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. ही जगभर मान्य असलेली मर्यादा आहे. नोंदणीच्या रांगेत उभे राहण्याआधी तातडीच्या विभागात ‘छातीत दुखतंय, ईसीजी काढा’ एवढे स्पष्ट सांगा. ईसीजीवरून झटक्याचे दोन मुख्य प्रकार वेगळे होतात.

पहिल्या प्रकारात ईसीजीच्या आलेखातील एसटी हा भाग उचललेला दिसतो. डॉक्टर याला ‘स्टेमी’ म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाल्याची ही खूण असते. त्या वाहिनीवर जगणारे स्नायू अर्ध्या तासानंतर मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत त्यांतले बरेचसे कायमचे जातात. इथे रक्ताच्या तपासणीचा अहवाल येण्याची वाट पाहत नाहीत. सर्वांत चांगला उपचार म्हणजे थेट अँजिओप्लास्टी. हाताच्या किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, बंद वाहिनी फुग्याने उघडतात आणि तिथे स्टेंट बसवतात. त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत आलेल्या स्टेमी रुग्णाला ती लगेच करायची असते. कॅथलॅब, म्हणजे ही प्रक्रिया करण्याची खास खोली, असलेल्या रुग्णालयात रुग्ण थेट आला तर दारात पाऊल ठेवल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत ६० ते ९० मिनिटे हे उद्दिष्ट असते.

दुसऱ्या प्रकारात एसटी उचललेला नसतो, पण हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे ‘ट्रोपोनिन’ या रक्ततपासणीत दिसते. याला ‘एनस्टेमी’ म्हणतात. वाहिनी बहुतेक वेळा अरुंद झालेली असते, पूर्ण बंद झालेली नसते. पहिला ट्रोपोनिन सामान्य आला तरी एक ते तीन तासांनी, काही ठिकाणी आणखी थोड्या उशिराने, तो पुन्हा करतात. तेव्हा पहिला अहवाल चांगला आला म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका.

कॅथलॅब दूर असेल तर

दिल्ली परिसरात या ठिकाणी गोंधळ होतो. एम्स, सफदरजंग, डॉ. राम मनोहर लोहिया, जी. बी. पंत ही कॅथलॅब असलेली मोठी सरकारी रुग्णालये सर्वांना माहीत असतात. म्हणून बवाना, नजफगड, लोणी किंवा बल्लभगडहून निघालेले कुटुंब वाटेतली दोन-तीन रुग्णालये ओलांडून थेट ‘मोठ्या’ रुग्णालयाकडे जाते. आश्रम चौकात किंवा रिंगरोडवर संध्याकाळी सापडले की तास-दीड तास सहज जातो.

नियम साधा आहे. स्टेमीचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टीने वाहिनी उघडता येणार असेल तर रुग्णाला तिकडे हलवा. तेवढ्यात जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे तिथेच द्यायचे. टेनेक्टेप्लेस आणि स्ट्रेप्टोकायनेज ही त्यांतली आपल्याकडे वापरली जाणारी नावे. निदानानंतर दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, ते सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, नुकताच पक्षाघात झाला असेल किंवा शरीरात कुठे रक्तस्राव चालू असेल तर ते देत नाहीत. हे आजार झालेले असल्यास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

हे इंजेक्शन म्हणजे गरिबाला दिलेला दुय्यम उपचार, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ अभ्यासात त्रास सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणारे १,८९२ रुग्ण होते. काहींना आधी इंजेक्शन देऊन मग अँजिओग्राफीसाठी नेले, काहींना थेट अँजिओप्लास्टीसाठी हलवले. मृत्यू, शॉक, हृदयाची निकामी होण्याची अवस्था आणि पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण ३० दिवसांत पहिल्या गटात १२.४ आणि दुसऱ्या गटात १४.३ टक्के होते, म्हणजे जवळपास सारखेच. मेंदूतील रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात थोडा अधिक दिसला. त्यामुळे अभ्यास चालू असतानाच ७५ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी टेनेक्टेप्लेसची मात्रा निम्मी करण्यात आली.

इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. स्ट्रीममध्ये इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावे लागले. म्हणून इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला एसटी निम्म्यानेही खाली आला नसेल किंवा छातीतील दुखणे चालूच असेल तर लगेच अँजिओप्लास्टी लागते. सर्व ठीक असेल तरी २ ते २४ तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी व्हायला हवी. इंजेक्शन देणाऱ्या रुग्णालयाला म्हणूनच पुढचा प्रश्न लगेच विचारा : ‘कॅथलॅबला कधी आणि कुठे पाठवणार?’ रुग्णासोबत ईसीजीची प्रत आणि इंजेक्शनची वेळ लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

इंजेक्शन रुग्णाच्या दारापर्यंत नेण्याचा प्रयोगही दिल्लीत झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने एम्सच्या साथीने २०१९ मध्ये ‘मिशन दिल्ली’ सुरू केले. एम्सच्या भोवतालच्या तीन किलोमीटरच्या परिसरात मोटारसायकलवरून प्रशिक्षित परिचारक घरी पोहोचतात, ईसीजी काढून एम्समधील डॉक्टरांना पाठवतात आणि सल्ल्यानुसार उपचार जागेवरच सुरू करतात, अशी ती योजना. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून २,४२० स्टेमी रुग्णांवर असाच अभ्यास झाला. तिथे राज्याच्या आरोग्य विम्याचाही आधार घेतला होता. जोडणीनंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

दुसऱ्या प्रकारात ‘आजच’ कोणासाठी?

एनस्टेमीच्या रुग्णाला डॉक्टर आधी औषधे सुरू करतात आणि धोका किती आहे ते ठरवतात. रक्तदाब कोसळला असेल, औषधे देऊनही छातीत दुखतच असेल, फुप्फुसात पाणी भरत असेल किंवा हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होत असतील, तर दोन तासांच्या आत अँजिओग्राफी लागते. असा रुग्ण स्टेमीइतकाच तातडीचा धरा.

हे काही नसेल, पण ट्रोपोनिन वाढलेला आणि वय, मूत्रपिंडे, ईसीजी यांवरून धोका जास्त दिसत असेल तर साधारण २४ तासांत अँजिओग्राफी करणे चांगले मानतात. या मर्यादेमागे २००९ चा ‘टायमॅक्स’ हा अभ्यास आहे. ३,०३१ रुग्णांपैकी काहींची अँजिओग्राफी २४ तासांच्या आत केली, काहींची ३६ तासांनंतर. सर्वांचा मिळून विचार करता मृत्यू, झटका वा पक्षाघात यांत ठळक फरक पडला नाही. जास्त धोक्याच्या रुग्णांत मात्र पडला : उशिरा केलेल्यांत २१ टक्के, लवकर केलेल्यांत १३.९ टक्के. कमी धोक्याच्या, स्थिर रुग्णाला रात्री दोन वाजता सही करायला लावण्याइतकी घाई सहसा नसते. अशा वेळी तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका : झटका कोणत्या प्रकारचा आहे, धोका जास्त आहे की कमी, आणि सकाळपर्यंत थांबल्यास काय होईल. स्टेमीमध्ये मात्र हे प्रश्न विचारत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यात वेळ घालवू नका.

उशिरा आलेल्यांची गोष्ट वेगळी. झटका येऊन तीन दिवस उलटून गेले, छातीत दुखत नाही, रक्तदाब ठीक आहे, पण वाहिनी पूर्ण बंद सापडली, तर ती उघडून उपयोग होतो का? २००६ च्या ‘ओट’ अभ्यासात झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांच्या अशा २,१६६ रुग्णांत वाहिनी उघडल्याने मृत्यू, पुन्हा झटका किंवा गंभीर हृदयदौर्बल्य कमी झाले नाही. अशा वेळी डॉक्टरांनी ‘औषधांवर ठेवू’ म्हटले तर तो हलगर्जीपणा समजू नका.

सत्तरीपुढच्यांसाठी

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांसाठी हा प्रश्न आता वारंवार उभा राहील. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘सीनियर रीटा’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ७५ वर्षे व त्यावरील १,५१८ एनस्टेमी रुग्ण होते, सरासरी वय ८२. अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट हा मार्ग घेतलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे एकत्रित प्रमाण २५.६ टक्के होते, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत २६.३ टक्के. मृत्यू कमी झाले नाहीत, पण पुन्हा येणारे झटके थोडे कमी झाले. म्हणजे या वयात एनस्टेमीनंतर दोन्ही मार्ग रास्त आहेत. रुग्णाची चालण्या-फिरण्याची ताकद, मूत्रपिंडांची स्थिती आणि त्याची स्वतःची इच्छा पाहून ठरवावे. कार्ड आहे म्हणून स्टेंट टाकलाच पाहिजे असे नाही. स्टेमीसाठी मात्र हे लागू नाही. तिथे केवळ वय जास्त म्हणून उपचार नाकारू नयेत.

कार्ड, मंजुरी आणि पैसे

योजनेत प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. दिल्लीच्या पात्र कुटुंबांना दिल्ली सरकार आणखी ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, म्हणजे एकूण १० लाख. सुरुवातीला अंत्योदय शिधापत्रिकाधारकांना प्राधान्य देण्यात आले. आजार आधीपासून असला तरी लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो. भरती होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा ठरलेला खर्चही त्यात धरलेला असतो. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या मात्र यात येत नाहीत.

बहुतेक अँजिओप्लास्टींना योजनेची पूर्वमंजुरी लागते, आणि ‘अजून मंजुरी आली नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. तातडीच्या रुग्णाला ते लागू होत नाही. तातडीच्या वेळी रुग्णाला भरती करून उपचार सुरू करायचे आणि मंजुरी फोनवरून घ्यायची, अशी तरतूद योजनेत आहे. संलग्न रुग्णालयात ‘आयुष्मान मित्र’ असतो. एकाने रुग्णासोबत राहावे आणि दुसऱ्याने आधार कार्ड, शिधापत्रिका घेऊन त्याच्याकडे जावे. कार्ड काढलेले नसेल पण नाव यादीत असेल तर ओळख पटवून ते तिथेच काढता येते. कागदपत्रे घरी असतील तर मोबाइलवरील फोटोने शोध सुरू होऊ शकतो.

योजनेतील रुग्णाकडून अनामत किंवा स्टेंटचे वेगळे पैसे मागणे नियमात बसत नाही. मागितल्यास १४५५५ वर तक्रार करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. योजनेबाहेरच्या रुग्णांसाठीही स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये ठरली. त्यानंतर ती वेळोवेळी सुधारली गेली आहे. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली आहे का, ते पाहा.

जवळचे खासगी रुग्णालय योजनेशी संलग्न नसेल तरी स्टेमीमध्ये निदान ईसीजी आणि पहिले उपचार तिथेच घ्या. जीव वाचवण्यासाठी मदत करणे सरकारी तसेच खासगी डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय दिल्लीत सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी रुग्णालयांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा दिल्ली सरकार ठरवते. रुग्णालयाच्या फलकावर ती लिहिलेली असायला हवी.

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्यांनी

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या कामासाठी आलेली कुटुंबे, गुरुग्रामला नोकरी करणारी तरुण मंडळी, मुलांकडे राहायला आलेले आई-वडील अशा अनेकांची शिधापत्रिका गावाकडचीच असते. नाव प्रधानमंत्री योजनेच्या यादीत असेल तर कार्ड देशभरातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालते, दिल्लीतही. मात्र नाव केवळ महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तो लाभ मुख्यतः महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयांपुरता असतो. दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जात असल्याने आपण नेमके कोणत्या यादीत आहोत हे अनेकांना ठाऊक नसते. दुखणे येण्याआधीच १४५५५ वर विचारून घ्या. सत्तरीपुढच्यांनी वय वंदना कार्ड काढून ठेवावे. त्यासाठी आधार कार्ड पुरते.

घरी सोडताना

एक वाहिनी उघडली आणि दुसऱ्या दोन अरुंद सापडल्या, असे अनेकदा होते. स्टेमीच्या रुग्णात त्या महत्त्वाच्या वाहिन्याही उघडाव्यात, हे २०१९ च्या ‘कम्प्लीट’ अभ्यासाने दाखवले. पण ते त्याच भरतीत करा किंवा घरी जाऊन ४५ दिवसांच्या आत परत येऊन करा, फायदा सारखाच राहिला. शॉक नसलेल्या रुग्णासाठी त्याच रात्री सगळे उरकण्याचा आग्रह धरू नका, आणि दुसरी तारीख न घेता घरीही जाऊ नका. दुसऱ्या प्रक्रियेसाठी मंजुरीची विनंती पुन्हा पाठवावी लागते. तेव्हा सुटीचा कागद, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटच्या वेष्टनावरील चिकटपट्टी यांची प्रत मागून घ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. योजनेतून मिळणारी औषधे १५ दिवसांत संपतात. त्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात नाव नोंदवा किंवा जनऔषधी केंद्रातून पुढची खरेदी करून ठेवा.